ल्वारची वाईन ओळखायची कशी

आपल्याकडे 'वाईन शॉप' म्हणजे वाईन सोडून बाकीचं सगळं आधी विकणारं दुकान. त्यामुळे फ्रेंच वाईनशी आपली पहिली गाठ बहुधा विमानतळावरच्या ड्यूटी-फ्रीमध्ये पडते, नाहीतर परदेशातल्या सुपरमार्केटात. भिंतभर बाटल्या, एकही ओळखीचा शब्द नाही, मागे बायको घड्याळ बघतेय. मग माणूस सगळ्यात स्वस्तही नाही आणि महागही नाही अशी मधली बाटली उचलतो. मी कितीतरी वर्षं हेच केलं.

कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी बोर्दो किंवा बर्गंडी हे गाजलेले फ्रेंच वाईन-प्रदेश सांगत नाही, ल्वार सांगतो, म्हणजे ल्वार नदीकाठचा मुलूख. नाशिकच्या वायनरीत जाऊन आलेल्या कुणालाही ल्वारची दोन मुख्य पांढरी द्राक्षं आधीच माहीत असतात. नाशिकच्या सुला वायनरीनं २००० साली पहिल्या वाईन बाजारात आणल्या, त्या शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ. (आपल्यातले बरेचजण 'चेनिन ब्लांक' म्हणतात. म्हणा, वाईनला राग येत नाही.) या दोन्हींची फ्रान्समधली मोठी घरं ल्वार नदीच्या काठी आहेत, म्हणजे निम्मी ओळख झालेलीच आहे.

पहिली पायरी: नदी डोक्यात बसवा

ल्वार ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरांच्या थोडी वर. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात उगम पावून ती उत्तरेला जाते, ओर्लेआँ शहरापाशी पश्चिमेला वळते आणि नाँत शहर ओलांडून अटलांटिक महासागराला मिळते. वाईनसाठी तिचे चार टप्पे लक्षात ठेवले तरी पुरे. समुद्राकडून वर निघालं की आधी नाँतचा परिसर, मग आँझू आणि सोम्युर, मग तूर शहराभोवतीचं तुरेन, आणि शेवटी वळणाच्याही पलीकडे साँसेर-पुयीचा भाग.

द्राक्षंही याच क्रमानं बदलतात. समुद्राजवळ मेलों द बुर्गोन्य, मधल्या दोन टप्प्यांत पांढऱ्यासाठी शेनिन आणि लालसाठी कॅबर्ने फ्राँ, वरच्या टोकाला सोव्हिन्यों ब्लाँ आणि थोडं पिनो न्वार. अपवाद आहेत. तुरेनमध्ये सोव्हिन्यों भरपूर होतं, आणि कूर-शेव्हेर्नी नावाच्या छोट्या भागात रोमोराँतँ हे द्राक्ष लावतात, जे दुसरीकडे जवळजवळ दिसतच नाही. पण पहिल्या दहा बाटल्यांपर्यंत अपवाद विसरा.

हा सगळा थंड मुलूख आहे. नाशिकला वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. वसंतात कोवळे फुटवे आले की दहिवराची भीती. २०२१च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभर असा गारठा पडला की बागांच्या ओळींमधून रात्रभर मोठाल्या मेणबत्त्या पेटवून ठेवाव्या लागल्या. या थंडीमुळेच मण्यांतला आंबटपणा टिकून राहतो. ल्वारच्या वाईनचा कणा तोच. घोट गिळल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं पाहिजे.

दुसरी पायरी: लेबलावर द्राक्ष शोधू नका

नाशिकच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव ठळक असतं. ल्वारच्या चांगल्या बाटलीवर बहुतेकदा गावाचं किंवा परिसराचं. वूव्रे, साँसेर, शिनों ही गावं आहेत. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, पण आपणही हेच करतो. पैठणी म्हटल्यावर 'रेशमाची का?' असं कुणी विचारत नाही, आणि दुकानात जाऊन 'कोल्हापुरी दाखवा' म्हटलं की समोर चपलाच येतात. गावाच्या नावात माल, पद्धत आणि घडण सगळं आलं.

म्हणून एवढं पाठ करा. वूव्रे, मोंलुई, साव्हेनिएर म्हणजे शेनिन. साँसेर, पुयी-फ्युमे, मनतू-सालों, कँसी या नावांची पांढरी म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ. शिनों, बुर्गय, सोम्युर-शाँपिन्यी यांची लाल म्हणजे कॅबर्ने फ्राँ. म्युस्कादे म्हणजे मेलों द बुर्गोन्य.

फसवी नावंही आहेत. म्युस्कादेचा मस्कत नावाच्या द्राक्षाशी काही संबंध नाही. सोम्युर-शाँपिन्यी ऐकायला शॅम्पेनसारखं, पण तिला फेस येत नाही, ती साधी लाल वाईन. पुयी-फ्युमे आणि पुयी-फ्युइसे या सख्ख्या बहिणी वाटतात, पण दुसरी बर्गंडीची, आणि शार्दोने द्राक्षाची.

मी स्वतः फसलो तो 'कॅबर्ने दाँझू'ला. मेहुण्याला जड, गडद कॅबर्ने आवडते. सोम्युरमधल्या एका छोट्या खानावळीत भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं हे नाव लिहिलेलं दिसलं आणि मी ऐटीत ऑर्डर दिली. आली ती गुलाबी, गोडसर, बर्फासारखी थंड. मेहुण्यानं एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि म्हणाला, "दाजी, हे तर गुलाबाचं सरबत!" कॅबर्ने दाँझू ही आँझूची गोडसर रोझे, म्हणजे गुलाबी वाईन असते, कॅबर्नेच्या काळ्या द्राक्षांपासूनच केलेली. चूक वाईनची नव्हती. कोरडी रोझे हवी असेल तर 'रोझे द ल्वार' मागायची, हे मला नंतर कळलं.

तिसरी पायरी: शेनिन, आणि गोडीचा एक शब्द

इथे जरा थांबू, कारण ल्वार समजणं म्हणजे पुष्कळसं शेनिन समजणं. या एका द्राक्षापासून तिथे खडखडीत कोरडी, अर्धगोड, मधासारखी गोड आणि फेसाळ अशा सगळ्या तऱ्हा होतात, आणि वूव्रे या एकाच नावाखाली या सगळ्या मिळतात. म्हणून नुसतं 'वूव्रे' वाचून बाटली घेतली तर घरी जाऊन काय निघेल याचा नेम नाही. लेबलावरचा, बहुतेकदा बारीक अक्षरातला, गोडीचा शब्द शोधा.

'सेक' म्हणजे कोरडी, 'दमी-सेक' म्हणजे अर्धगोड, 'म्वालो' म्हणजे गोड, 'दू' म्हणजे फारच गोड. युरोपच्या नियमानुसार सेकमध्ये लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते, पण आंबटपणा त्या प्रमाणात असेल तर ९ ग्रॅमपर्यंत सूट आहे. दमी-सेकला तसंच १२, किंवा आंबटपणाच्या जोरावर १८. म्वालो ४५पर्यंत, त्यापुढे दू.

आंबटपणाची ही सूट का, हे कोकम सरबत करणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्यात साखर किती पडते ते आठवा, आणि तरी ते प्यायल्यावर तोंड मिट्ट होत नाही. चिंच-गुळाच्या आमटीचंही तेच. शेनिन जात्याच इतकं आंबट की दमी-सेकची साखर त्यात गोडीपेक्षा गोलाई म्हणून जाणवते. माझं मत विचाराल तर मराठी जेवणाला ल्वारची सगळ्यात जवळची वाईन हीच, वूव्रे दमी-सेक. तिखट भाजीबरोबर कोरडी वाईन कडवट लागते आणि मसाला जास्तच झोंबतो. थोडी साखर असली की तिखटाची धार बोथट होते. सुरमईच्या तिखल्याबरोबर एकदा घेऊन बघा.

फेसाळ बाटलीवर मात्र हेच शब्द वेगळ्या मापानं वापरतात, आणि हा घोळ कुणी निस्तरेल असं वाटत नाही. तिथे 'ब्रुत' म्हणजे कोरडी, १२ ग्रॅमच्या आत. 'सेक' लिहिलेली फेसाळ वाईन १७ ते ३२ ग्रॅमची, म्हणजे चांगलीच गोडसर. फेसाळमध्ये ब्रुत घ्या आणि मोकळे व्हा. 'क्रेमाँ द ल्वार' नावाची फेसाळ वाईन शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात, आणि पैसे बरेच कमी पडतात. घरच्या साखरपुड्याला शॅम्पेनऐवजी ही आणा. पाहुण्यांत फरक सांगणारा निघाला तर त्याच्याशी मैत्री करा.

शेनिनचा वास कसा? कोवळेपणी पेर, हिरवं सफरचंद, मध. थोडी वयस्कर झाली की असा एक वास येतो ज्याला इंग्रजी पुस्तकं ओली लोकर म्हणतात. आपल्यासाठी तो सरळ पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास. ऐकायला बरं वाटत नाही, पण मधाच्या शेजारी तो शोभतो. आणि ही वाईन म्हातारी होते ती दिमाखात. १९४७ सालच्या वूव्रेचं नाव जाणकार अजून आदरानं घेतात.

आँझूत शेनिनला जमीन वेगळी मिळते. तिथे आपल्या शाळेतल्या पाटीचा काळा दगड आहे. आँझे शहराची छपरंही त्याच दगडाची. त्या खडकावरची साव्हेनिएर ही कोरडी शेनिन पहिल्या वर्षी-दोन वर्षांत फटकून वागते, म्हणून नवख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. तिच्यातच कुले द साराँ नावाची एकच बाग आहे, सुमारे सात हेक्टर, म्हणजे सतरा एकर, आणि तिला स्वतंत्र दर्जा आहे. ११३०च्या सुमारास मठातल्या साधूंनी तिथे पहिल्यांदा वेली लावल्या.

तिथून थोडं दक्षिणेला लेयों नावाची छोटी नदी ल्वारला मिळते. शरदात तिच्यावरून सकाळी धुकं उठतं आणि दुपारी ऊन पडतं. या धुक्यानं पिकलेल्या मण्यांवर बोट्रायटिस ही बुरशी येते. ती सालीला बारीक छिद्रं पाडते, मण्यातलं पाणी उडून जातं, आणि आत साखर, आंबटपणा आणि वास आटून राहतो. माझं आजोळ निफाडचं. मी या घडांचे फोटो मामाला दाखवले. करडे-तपकिरी, सुरकुतलेले, केसाळ मणी. मामानं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "अरे, हे कुजवलेत यांनी! असले घड आम्ही काढून लांब खड्ड्यात पुरतो." मी म्हटलं, मामा, ते लोक मजूर लावून असलेच मणी निवडून खुडतात, एकाच बागेत तीन-चार फेऱ्या मारतात, कारण सगळे मणी एकाच वेळी असे होत नाहीत. "मग फवारणीचा खर्च वाचत असेल," मामा म्हणाला. तो वाचत नाही. हीच बुरशी अवेळी किंवा पावसात आली तर तिथेही नुसती कुजच होते.

या मण्यांची वाईन म्हणजे कोतो द्यु लेयों, आणि तिच्या पोटातली जास्त मानाची नावं बोन्झो आणि कार द शोम. ही जेवणाबरोबर नको, जेवणानंतर लहान ग्लासात. अर्धी बाटली मिळाली तर तीच घ्या.

चौथी पायरी: सोव्हिन्यों, आणि पायाखालचे दगड

वरच्या टोकाला साँसेर हे टेकडीवरचं गाव, आणि नदीच्या पलीकडे पुयी. साँसेर म्हणजे पांढरी वाईन हे समीकरण आज जगभर पक्कं झालंय, पण एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीनं वेली खाऊन टाकण्याआधी तिथे लाल द्राक्षं जास्त होती. नव्यानं लागवड करताना लोक सोव्हिन्योंकडे वळले. १९३६ साली साँसेरच्या पांढऱ्याला अधिकृत दर्जा मिळाला. लाल आणि रोझेला त्यासाठी १९५९ उजाडावं लागलं.

इथले शेतकरी बोलतात ते मातीबद्दल. 'कायोत' म्हणजे चुनखडीचे छोटे पांढरे गोटे, त्यावरची वाईन लवकर खुलते. 'तेर ब्लाँश' म्हणजे पांढरी चिकणमाती, तिची वाईन भरदार. आणि 'सिलेक्स', म्हणजे गारगोटी. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी पाडली असेल, आणि मग त्या नाकाला लावल्या असतील, तर तो जळकट वास ओळखीचा आहे. सिलेक्सवरच्या साँसेर आणि पुयी-फ्युमेत त्याची झाक येते असं म्हणतात. 'फ्युमे' म्हणजे धुरकट. या वासावरून ते नाव पडलं असं काहीजण सांगतात, तर काहीजण पिकलेल्या मण्यांवरच्या करड्या लवीवरून. मला धूर एकदोनदाच आला, आणि तोही लेबल वाचल्यानंतर.

नाशिकचं सोव्हिन्यों प्यायलेल्याला इथे फळांचा धडाका कमी वाटेल. ढोबळी मिरची, चिरलेलं गवत, लिंबाची साल, आणि मागे काहीतरी दगडी, स्वच्छ. साँसेरजवळच्या शाव्हिन्योल गावातलं बकरीच्या दुधाचं चीज याबरोबर खातात, आणि ती जोडी खरंच जमते. साँसेरचं नाव झालंय तसे पैसेही वाढलेत. तेच द्राक्ष कमी पैशांत हवं असेल तर 'तुरेन' लिहिलेलं सोव्हिन्यों घ्या, किंवा शेजारच्या मनतू-सालोंचं.

पाचवी पायरी: लाल, पण हलकी

कॅबर्ने सोव्हिन्योंचं नाव सगळ्यांना माहीत. १९९७ साली डीएनए तपासणीतून कळलं की ते कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांचं अपत्य. दोन्ही आईबाप ल्वारच्या काठी सुखात नांदतायत, आणि पोरगं बोर्दोत नाव काढून बसलंय.

शिनों आणि बुर्गयची कॅबर्ने फ्राँ जांभळासारखी, तुरट पण मऊ, आणि पुन्हा तीच ढोबळी मिरची, किंवा पेन्सिलीला टोक केल्यावरचा वास. नदीजवळच्या वाळू-खडीतली वाईन हलकी आणि लगेच पिण्याजोगी. चढावरच्या पांढऱ्या चुनखडीतली दमदार, पाच-सात वर्षं थांबणारी. या मऊ दगडाला 'त्युफो' म्हणतात. नदीकाठचे ते प्रसिद्ध राजवाडे याच दगडाचे. दगड काढून डोंगरात ज्या गुहा उरल्या त्या वाईनची तळघरं झाल्या, आणि काहींमध्ये अळंबी पिकवतात.

ही लाल थोडी गार द्यायची, १४ ते १६ अंशांवर. 'लाल वाईन रूम टेम्परेचरला' हा नियम ज्या खोल्यांसाठी सांगितला त्या मे महिन्यातल्या पुण्यातल्या नव्हत्या. आधी फ्रीजमध्ये ठेवून गार करा.

राहता राहिली म्युस्कादे

समुद्राजवळची ही वाईन सगळ्यात स्वस्त, आणि म्हणून दुर्लक्षित. १७०९च्या भयंकर हिवाळ्यात नाँतच्या परिसरातल्या वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या, त्यानंतर थंडी सोसणारं मेलों तिथे पसरलं. लेबलावर 'स्युर ली' शब्द बघा. म्हणजे आंबवण झाल्यावर तळाशी बसलेल्या यीस्टच्या साक्यावरच वाईन हिवाळाभर ठेवली आणि तिथूनच बाटलीत भरली. त्यानं पाणचट वाईनला अंग येतं, पावाच्या पिठासारखा वास येतो, जिभेवर बारीक चुरचुर राहते. क्लिसों, गोर्ज यांसारख्या गावांची नावं असलेली म्युस्कादे तर साक्यावर दोन-दोन वर्षं राहते. तिकडे ही कालवांबरोबर पितात. रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

दर्जाचं काय?

बोर्दोत १८५५ साली वायनऱ्यांना दर्जानुसार क्रम लावून केली तशी मानकऱ्यांची यादी ल्वारला नाही, आणि नवख्याच्या दृष्टीनं हे बरंच आहे. खालून वर तीन थर. 'व्हँ द फ्राँस', म्हणजे फ्रान्समधली कुठलीही वाईन. मग 'आयजीपी व्हाल द ल्वार', म्हणजे ल्वार खोऱ्याच्या नावाची, नियम सैल. आणि वर 'एओसी', म्हणजे मूळ ठिकाणाचं अधिकृत नाव, जिथे हद्द, द्राक्ष, उत्पन्न, पद्धत सगळं बांधून दिलेलं. यावर देखरेख करणारी राष्ट्रीय संस्था १९३५ साली स्थापन झाली. एओसीतही जेवढी जागा छोटी तेवढा मान जास्त, तुरेनपेक्षा वूव्रे वर. ग्राँ क्र्यु हा सर्वोच्च किताब अख्ख्या ल्वारमध्ये फक्त कार द शोमला, तोही २०११ सालापासून.

पण या शिडीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नियमांशी पटत नाही म्हणून काही उत्तम शेतकरी आपली वाईन मुद्दाम सगळ्यात खालच्या थरात विकतात. त्यापेक्षा 'मी आँ बुतेय ओ दोमेन' ही ओळ शोधा, म्हणजे ज्यानं द्राक्षं पिकवली त्यानंच बाटली भरली.

घरी कसं चाखायचं

चारजण जमा, प्रत्येकी एक बाटली. नाशिकची शेनिन, वूव्रे सेक, वूव्रे दमी-सेक, शिनों. पांढऱ्या फ्रीजमध्ये गार करून दहा मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार असल्या की वास मरतो. बाटल्यांवर मोजे चढवा (धुतलेले). आधी नाशिकची शेनिन आणि वूव्रे सेक शेजारी ठेवून फक्त एवढंच विचारा की तोंडाला जास्त पाणी कुणी सुटवलं. मग दमी-सेक आणि सोबत तळलेलं काहीतरी तिखट, आमच्याकडे मिरचीची भजी असतात. शिनों शेवटी.

उरलेल्या पांढऱ्या बूच लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात. शेनिन तर दुसऱ्या दिवशी कधीकधी जास्त खुलते, म्हणून मी मुद्दाम एक पेला मागे ठेवतो. मेहुणा मुक्कामी असेल तर तो सकाळी नसतो.